समाकल म्हणजे काय, आणि नदी मोजणाऱ्याला तो का लागतो

गोव्यातल्या डिचोली तालुक्यात बारावी विज्ञान शाखेत शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न असा आहे: इंटिग्रेशनची उदाहरणे तिला सुटतात आणि गुणही चांगले मिळतात, पण एकदा ‘इंटिग्रल म्हणजे वक्राखालचे क्षेत्रफळ’ असे शिकवले गेले, दुसऱ्या वेळी ‘डेरिव्हेटिव्हच्या उलट क्रिया’ असे, आणि या दोन गोष्टी एकच कशा काय ठरतात हे तिला कुठे सापडले नाही. परीक्षेबाहेर याचा कोणाला खरोखर उपयोग होतो का, असेही तिने शेवटी विचारले आहे. माझ्या नोकरीची बहुतेक वर्षे नद्यांचे पाणी मोजण्यात आणि ते कसे मोजावे हे नव्या अभियंत्यांना शिकवण्यात गेली. त्यामुळे हा प्रश्न मला फार जवळचा वाटतो आणि त्याचे उत्तर मी नदीवरूनच देणार आहे. मराठीत इंटिग्रेशनला समाकलन, इंटिग्रलला समाकल आणि डिफरन्सिएशनला अवकलन म्हणतात. पुढे मी हेच शब्द वापरतो.

माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. समाकल म्हणजे मुळात बेरीज आहे. जी गोष्ट क्षणाक्षणाला किंवा जागोजागी बदलत असते, तिची एकूण रक्कम काढण्याची ती रीत आहे. क्षेत्रफळ हे त्या बेरजेचे एक चित्र आहे, आणि ‘अवकलनाच्या उलट’ ही ती बेरीज झटपट करण्याची एक विलक्षण युक्ती आहे. पाठ्यक्रमात बहुधा युक्ती आधी येते आणि बेरीज मागाहून येते, आणि माझ्या मते सगळा गोंधळ या क्रमामुळेच होतो.

जुलै महिन्यातला एक दिवस डोळ्यांसमोर आणा. घाटमाथ्यावर रात्रभर पाऊस झाला आहे आणि सह्याद्रीतून उतरणाऱ्या एखाद्या नदीला सकाळपासून पाणी चढते आहे. समजा, सकाळी सहा वाजता नदीचा प्रवाह सेकंदाला ४० घनमीटर होता, नऊ वाजता १००, दुपारी बारा वाजता २२०, तीन वाजता १६० आणि संध्याकाळी सहा वाजता ८०. बाराच्या आधी पाणी चढतच गेले आणि नंतर उतरतच गेले, असेही धरून चालू. प्रश्न असा की या बारा तासांत त्या ठिकाणाहून एकूण किती पाणी वाहून गेले? प्रवाह स्थिर असता तर प्रवाह गुणिले वेळ एवढेच गणित होते आणि ते पाचवीतल्या मुलालाही जमले असते. अडचण एवढीच आहे की कोणता प्रवाह घेऊन गुणायचे हे ठरत नाही, कारण तो प्रत्येक क्षणी वेगळा आहे.

अशा वेळी प्रामाणिक माणूस दोन अंदाज काढतो, एक मुद्दाम कमी आणि एक मुद्दाम जास्त. तीन तासांचे, म्हणजे १०,८०० सेकंदांचे, चार तुकडे करा. प्रत्येक तुकड्यात सर्वांत कमी प्रवाह धरला तर ४०, १००, १६० आणि ८० यांची बेरीज ३८० येते, आणि ती १०,८०० ने गुणली की ४१ लाख ४ हजार घनमीटर होतात. प्रत्येक तुकड्यात सर्वांत जास्त प्रवाह धरला तर १००, २२०, २२० आणि १६० मिळून ७०० होतात, आणि त्यावरून ७५ लाख ६० हजार घनमीटर येतात. खरे उत्तर या दोहोंच्या मध्ये आहे, याविषयी शंका उरत नाही. मात्र दोहोंमधले अंतर ३४ लाख ५६ हजार घनमीटर आहे, आणि एवढ्या ढोबळ उत्तरावर कोणी धरणाचे दरवाजे हलवणार नाही.

आता हे अंतर कुठून आले ते पाहा, कारण सगळा विषय इथे उघडतो. पाणी ४० वरून २२० वर चढले, म्हणजे १८० ने. मग २२० वरून ८० वर उतरले, म्हणजे १४० ने. दोन्ही मिळून ३२०, आणि ३२० गुणिले १०,८०० म्हणजे नेमके तेच ३४ लाख ५६ हजार. म्हणजे कमी आणि जास्त अंदाजांतला फरक हा ‘एकूण चढ-उतार गुणिले एका तुकड्याची लांबी’ एवढाच असतो. चढ-उतार तर नदीने ठरवलेला आहे आणि तो बदलणार नाही. पण तुकड्याची लांबी आपल्या हातात आहे. दर दीड तासाने मोजले तर अंतर निम्मे होते, दर पंधरा मिनिटांनी मोजले तर ते २ लाख ८८ हजारांवर येते आणि दर मिनिटाला मोजले तर १९,२०० वर. तुकडे आणखी बारीक करा, आणि तुम्ही सांगाल त्याहून ते कमी करता येईल. खालचा अंदाज वर सरकत जातो, वरचा खाली येत जातो, आणि दोघांच्या कचाट्यात शेवटी एकच संख्या उरते. त्या संख्येला समाकल म्हणतात. ती ‘जवळजवळ’ बरोबर नसते, ती नेमकी असते. जवळजवळ असतात त्या तिच्याकडे जाणाऱ्या बेरजा.

एकोणिसाव्या शतकात, १८५४ साली, जर्मन गणिती बर्नहार्ट रीमान यांनी समाकलाची जी व्याख्या मांडली ती सामान्य फलनांसाठी (फंक्शनांसाठी) याच विचाराची काटेकोर मांडणी आहे, आणि पुस्तकातली ‘रीमान बेरीज’ तुम्हांला रुक्ष वाटत असेल तर तिच्या जागी हे चढते-उतरते पाणी ठेवून ती पुन्हा वाचावी, अशी माझी मनापासून विनंती आहे.

चिन्हाविषयीही सांगितले पाहिजे. ∫ हे चिन्ह म्हणजे लांबवलेले रोमन ‘एस’ अक्षर आहे. ते लाटिनमधील ‘सुम्मा’, म्हणजे बेरीज, या शब्दाचे पहिले अक्षर असून जर्मन गणिती लायब्निझ यांनी ते २९ ऑक्टोबर १६७५ रोजीच्या आपल्या टिपणात वापरले. म्हणजे ज्याने चिन्ह घडवले त्याने ते बेरजेसाठीच घडवले होते. त्याच्या पुढे आपण फलन लिहितो आणि शेवटी ‘डीएक्स’ किंवा ‘डीटी’ लिहितो. पुष्कळ विद्यार्थी हे शेवटचे अक्षर वाक्याच्या पूर्णविरामासारखे समजतात आणि घाईत गाळतातही. कृपया तसे करू नका. आपल्या उदाहरणात प्रवाह आहे घनमीटर प्रतिसेकंद, आणि ‘डीटी’ आहे वेळेचा एक बारीक तुकडा, सेकंदांत. दोहोंचा गुणाकार झाला की सेकंद सेकंदाला छेदून जातात आणि घनमीटर उरतात. प्रत्येक बारीक तुकड्यात वाहिलेले पाणी म्हणजे तो गुणाकार, आणि ∫ म्हणजे त्या सगळ्या गुणाकारांची बेरीज. ‘डीटी’ गाळले तर नुसत्या प्रवाहांची बेरीज उरते आणि तिला काही अर्थ राहत नाही. कोणताही समाकल समोर आला की मी नव्या लोकांना सर्वप्रथम त्याची एकके लिहायला लावत असे. वेग आणि वेळ असेल तर उत्तर अंतर असते, बल आणि अंतर असेल तर कार्य, किलोवॉट आणि तास असेल तर विजेचे युनिट. एककांवरून उत्तर काय आहे हे कळले की गणित निम्मे समजलेले असते.

आता क्षेत्रफळाविषयी. वेळ आडव्या अक्षावर आणि प्रवाह उभ्या अक्षावर घेऊन आलेख काढला, तर वर केलेला प्रत्येक गुणाकार एका उभ्या पट्टीचे क्षेत्रफळ दाखवतो आणि त्यांची बेरीज वक्राखालचा भाग व्यापते. चित्र म्हणून हे उत्तम आहे. पण उत्तर घनमीटर पाण्यात आले आहे, कागदाच्या चौरस सेंटिमीटरमध्ये नव्हे, हे विसरून चालत नाही. शिवाय क्षेत्रफळ कधी ऋण नसते, समाकल मात्र ऋण असू शकतो, आणि तो का, हे कळायला गोव्यासारखी दुसरी जागा नाही.

मांडवी किंवा जुवारीच्या खालच्या भागात पाणी एका दिशेने वाहतच नाही. भरतीला ते आत शिरते आणि ओहोटीला बाहेर पडते. एक फेरा सुमारे १२ तास २५ मिनिटांचा असतो. आत येणारा वेग धन मानला तर बाहेर जाणारा ऋण मानावा लागतो. समजा, हा वेग साइन वक्राप्रमाणे बदलतो आणि त्याची कमाल सेकंदाला १ मीटर आहे. अर्ध्या फेऱ्याचे समाकलन केले तर कमाल वेग गुणिले फेऱ्याचा काळ भागिले पाय (π), म्हणजे सुमारे १४ किलोमीटर, असे उत्तर येते. नदीभर वेग सारखाच आहे असे मानले तर पाण्यावर तरंगणारा ओंडका भरतीबरोबर तेवढा आत जाईल. पूर्ण फेऱ्याचे समाकलन केले की उत्तर शून्य येते, कारण ओंडका जिथून निघाला तिथे परत आला. तो एकूण किती फिरला असे विचारले तर उत्तर २८ किलोमीटर आहे, पण तो वेगळा प्रश्न आहे आणि त्यासाठी वेगाचे नव्हे, वेगाच्या केवलमूल्याचे, म्हणजे चिन्ह काढून टाकलेल्या किमतीचे, समाकलन करावे लागते. परीक्षेत साइनचा समाकल शून्य आला म्हणून गोंधळणाऱ्या विद्यार्थ्याने हा ओंडका आठवावा. उन्हाळ्यात वरून येणारे गोडे पाणी अगदी कमी असते, तेव्हा खालच्या नदीत एवढे पाणी हलत असूनही निव्वळ बाहेर जाणारे पाणी थोडेच असते. पावसाळ्यात तीच बेरीज शून्यापासून फार दूर जाते.

आपल्या खाजन शेतांना, म्हणजे भरतीच्या पाण्याकाठी बांध घालून राखलेल्या सखल शेतांना, बांधाशी जो मानस, म्हणजे पाण्याचा दरवाजा, असतो, त्याकडे मी नेहमी या दृष्टीने पाहत आलो आहे. त्याच्या लाकडी झडपा अशा बसवलेल्या असतात की बाहेर भरतीचे पाणी चढले की त्याच्याच दाबाने त्या मिटतात आणि ओहोटीला आतले पाणी त्यांना ढकलून बाहेर पडते. शून्य होऊ पाहणाऱ्या बेरजेतला एक हिस्सा मानस अडवून धरतो आणि फक्त दुसरा हिस्सा साठू देतो. म्हणून दर फेऱ्याला थोडे थोडे पाणी निघून जाऊन शेत कोरडे राहते. ज्यांनी ते बांधले त्यांनी समाकलाचे चिन्ह पाहिले नव्हते. पण भरती-ओहोटीची निव्वळ बेरीज आपल्या बाजूने कशी वळवावी हे त्यांना पुरते उमगले होते, आणि मला त्यांच्याविषयी फार आदर वाटतो.

आता मूळ कोड्याकडे वळू: ही बेरीज आणि अवकलनाची उलट क्रिया एकच कशी? तुमच्या घरातला विजेचा मीटर पाहा. पंखा, फ्रीज, मोटरपंप चालू-बंद होतात तशी विजेची खेच दर क्षणी बदलते. मीटरवरचा आकडा ती खेच साठवत जातो. एक किलोवॉट एक तास वापरली की एक युनिट पुढे सरकतो. म्हणजे मीटरचा आकडा हा खेचेचा समाकल आहे. आता उलट विचारा: मीटरचा आकडा किती वेगाने पुढे सरकतो? अर्थातच त्या क्षणी जेवढी खेच असेल तेवढ्या वेगाने. पंप सुरू झाला की तो भराभर सरकतो, रात्री सगळे निजले की रेंगाळतो. साठ्याच्या वाढीचा वेग म्हणजेच त्या क्षणीची आवक, आणि कलनशास्त्राच्या (कॅल्क्युलसच्या) मूलभूत प्रमेयाचा गाभा एवढाच आहे. समाकलाचे अवकलन केले की मूळ फलन परत मिळते.

यातून युक्ती निघते. महिन्याचे बिल काढायला कोणी महिनाभर दर सेकंदाची खेच लिहीत बसत नाही. महिन्याच्या शेवटचा आकडा वजा सुरुवातीचा आकडा, की झाले. ज्याच्या वाढीचा वेग आपले फलन आहे असा ‘मीटर’ सूत्ररूपाने सापडला, तर असंख्य तुकड्यांची बेरीज न करता दोन टोकांच्या किमतींची वजाबाकी पुरते. बारावीत तुम्ही जे समाकलन करता ते म्हणजे असे मीटर शोधणे होय. आणि उत्तरात ‘अधिक सी’ का लिहायचे तेही इथेच कळते: नवीन मीटर बसवताना त्यावर शून्य होते की ५,७०० होते याने बिलात काही फरक पडत नाही, कारण वजाबाकीत तो आकडा निघून जातो. धरणावर आम्ही हेच करत होतो. जलाशयाच्या पातळीवरून दोन वेळचा साठा काढला आणि सोडलेले पाणी हिशेबात घेतले, की मधल्या काळात किती पाणी आले ते कळे, प्रत्यक्ष प्रवाह कोणी पाहिला नसला तरी.

पण एक इशारा द्यायला हवा, कारण पाठ्यपुस्तकातली उदाहरणे इथे नकळत दिशाभूल करतात. त्यांतल्या प्रत्येक फलनाचा मीटर सूत्ररूपाने सापडतो, म्हणून विद्यार्थ्याला वाटते की सूत्र नाही तर समाकलही नाही. ‘ई’चा ऋण एक्स-वर्ग हा घात घ्या; संख्याशास्त्रातल्या घंटेसारख्या वक्राच्या मुळाशी तोच आहे. त्याचा मीटर आपल्या परिचयाच्या फलनांतून लिहिताच येत नाही, हे सिद्ध झालेले आहे. तरीही संपूर्ण रेषेवरचा त्याचा समाकल ठामपणे अस्तित्वात आहे आणि तो पायच्या वर्गमुळाइतका भरतो. नदीला तर सूत्र नसतेच. तिथे मोजलेल्या आकड्यांवरूनच बेरीज करावी लागते. वरच्या उदाहरणात शेजारच्या दोन मोजमापांची सरासरी घेऊन गुणले, म्हणजे समलंब चौकोनांची रीत वापरली, तर ५८ लाख ३२ हजार घनमीटर येतात. शेजारच्या तीन-तीन मोजमापांतून सरळ रेषेऐवजी वक्र नेणाऱ्या सिम्प्सनच्या नियमाने ५७ लाख ६० हजार. दोन्ही उत्तरे एकमेकांपासून सव्वा टक्क्याच्या आसपास आहेत, तर सुरुवातीच्या कमी-जास्त अंदाजांत जवळजवळ दुपटीचा फरक होता. प्रत्यक्ष कामात समाकलन बहुतेक असेच होते, सूत्राने नव्हे.

ही बेरजेची दृष्टी युरोपात सुरू झाली असाही समज करून घेऊ नये. भास्कराचार्यांनी ११५० साली गोलाचे घनफळ समजावताना गोलाच्या पृष्ठावर तळ आणि केंद्रात टोक असलेल्या पुष्कळ सूच्या कल्पिल्या. प्रत्येक सूचीचे घनफळ तळ गुणिले उंचीचा तिसरा भाग, आणि सर्वांची उंची त्रिज्येएवढी, म्हणून गोलाचे घनफळ पृष्ठफळ गुणिले व्यासाचा सहावा भाग. केरळमध्ये गणिती माधवांच्या परंपरेत सोळाव्या शतकापर्यंत संख्यांच्या घातांच्या बेरजा सीमेपर्यंत नेऊन पायच्या अनंत श्रेणीची उपपत्ती लिहिली गेली होती. आणि १९०७ साली गोव्यात जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी १९४३ साली दाखवले की यदृच्छेने बदलणारा वक्र ठरावीक आकारांच्या बेरजेत मांडता येतो. त्यातला प्रत्येक गुणक समाकलानेच मिळतो. त्या प्रमेयाला आज त्यांचे नाव कार्हुनेन आणि लोएव्ह यांच्या नावांसह जोडले जाते.

उपयोगाबद्दल. तुकडे वेळेचेच असावेत असे नाही, ते जमिनीचेही असू शकतात. वाळपईला पणजीपेक्षा जास्त पाऊस पडतो. म्हणून एखाद्या खोऱ्यात पडलेले पाणी काढताना पर्जन्यमापकांची साधी सरासरी चालत नाही. प्रत्येक मापकाभोवतीचे क्षेत्र किती हे पाहून त्या भाराने बेरीज करावी लागते, आणि तो क्षेत्रावरचा समाकल असतो. एक चौरस किलोमीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे हजार घनमीटर पाणी, एवढे हाताशी ठेवले की पुढचे जमते. सीटी स्कॅनमध्ये तुकडे रेषेचे असतात: प्रत्येक क्ष-किरण वाटेतल्या शोषणाची बेरीज घेऊन बाहेर पडतो, आणि अशा असंख्य बेरजांवरून आतले चित्र परत उभे करता येते हे योहान राडॉन यांनी १९१७ साली, असे यंत्र अस्तित्वात येण्याच्या कितीतरी आधी, गणिताने दाखवले होते.

शेवटी माझ्या कामातली एक गोष्ट, कारण समाकलाचा अर्थ मला स्वतःला तिच्यातून सर्वांत खोल उमगला. नदीचा प्रवाह मोजताना दोरी ताणून पात्राचे उभे भाग पाडतात आणि प्रत्येक भागात करंट मीटर, म्हणजे प्रवाहाने पाते फिरणारे वेगमापक, पाण्यात सोडून वेग घेतात. पण वेग पृष्ठभागाशी जास्त आणि तळाशी जवळजवळ शून्य असतो, मग मीटर किती खोल सोडायचा? उथळ पाण्यात नियम असा की पृष्ठभागापासून खोलीच्या सहा दशांश अंतरावर एकच वेग घ्या आणि तोच त्या भागाचा सरासरी वेग समजा. सुरुवातीची काही वर्षे मी हा नियम नुसता पाळला. एका पावसाळ्यात मोजणी थांबली असताना मी कागद घेऊन बसलो. तळापासूनच्या उंचीबरोबर वेग लॉगॅरिदमप्रमाणे वाढतो हे ठाऊक होते. त्याचे तळापासून पृष्ठभागापर्यंत समाकलन केले आणि खोलीने भागले, तेव्हा सरासरी वेग कमाल वेगापेक्षा नेमका त्या लॉगच्या एका एककाने कमी निघाला, म्हणजेच खोली भागिले ‘ई’ या उंचीवरच्या वेगाएवढा. ‘ई’ म्हणजे २.७१८, म्हणून ती उंची तळापासून खोलीच्या ०.३७ पट आणि पृष्ठभागापासून ०.६३ पट. दोरीवरच्या त्या सहा दशांशाच्या खुणेत बारावीच्या पुस्तकातला लॉगचा समाकल दडलेला होता. दुसऱ्या दिवशी पाणी उतरल्यावर होडीतल्या माझ्या सहकाऱ्याने नेहमीप्रमाणे खोली मोजली, दीड मीटर. त्याने मीटर नव्वद सेंटिमीटरवर सोडला आणि पाते फिरू लागले.